वही हुंगणाऱ्या बाई

बाई वही आधी हुंगायच्या आणि मग उघडायच्या.

यावरून आम्ही त्यांची भरपूर टिंगल केली आहे. वसतिगृहात त्यांची हुबेहूब नक्कल करणारे निदान चार जण होते आणि त्यात माझा नंबर पहिला होता. पण आपली वही टेबलावर ठेवून, हात मागे बांधून बाईंच्या नाकाकडे बघत उभं राहायची वेळ आली की भल्याभल्यांची बोबडी वळायची.

कॉलेज जनावरांच्या डॉक्टरांचं. शेवटच्या वर्षाला बसण्याआधी प्रत्येकाला काही आठवडे कॉलेजबाहेर, प्रत्यक्ष दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली काढावे लागत. त्याचे क्रेडिट मिळत आणि ते पुरे झाल्याशिवाय शेवटचं वर्ष नाही. नियमांच्या पुस्तकात याला एक्स्टर्नशिप म्हणत, आम्ही आपलं सरळ उमेदवारी म्हणायचो. कुणाला कुठं पाठवायचं, तिथल्या डॉक्टरांची संमती, विभागप्रमुखांची सही, डीनची सही, परत आल्यावर वही तपासून शिक्का, हे सगळं बाईंच्या टेबलावरून जायचं. पोरांना ठिकाणं शोधून देतात म्हणून त्यांना नाव पडलं ठिकाणेबाई. नव्याने आलेल्या एका प्राध्यापकांना ते त्यांचं खरंच आडनाव वाटलं आणि वर्षभर ते नोटिशींवर तसंच लिहीत राहिले. बाईंनी त्यांना एकदाही अडवलं नाही. म्हणाल्या, "माझ्या खऱ्या आडनावापेक्षा बरं आहे."

त्यांची खोली तळमजल्यावर अगदी टोकाला, हाडांचे सापळे ठेवायच्या खोलीच्या पलीकडे. एक टेबल, एक लोखंडी कपाट, दोन खुर्च्या; त्यातली एक कायम फायलींनी भरलेली, त्यामुळे येणाऱ्याने उभंच राहायचं. खिडकीतून कॉलेजचा गोठा दिसायचा. टेबलावर लाकडी खोका आणि त्यात दोनशेच्या वर कार्डं. गाईम्हशींचे दवाखाने, कुत्र्यामांजरांचे, घोड्यांचे तबेले, कोंबड्यांची शेड, एक प्राणिसंग्रहालय. कार्डाच्या पुढच्या बाजूला तो दवाखाना स्वतःबद्दल जे सांगायचा ते शाईने लिहिलेलं. मागच्या बाजूला तिथून परतलेल्या पोरांनी जे सांगितलं ते पेन्सिलीने. बाई मागची बाजू आधी वाचायच्या.

नवीन ठिकाण घ्यायचं असलं की त्या फोन करून सगळी चौकशी करत. किती जनावरं येतात, ऑपरेशनं होतात का, राहायची सोय आहे का. आणि शेवटी अगदी सहज विचारत, "दुपारी आमचा विद्यार्थी कुठं जेवेल?" "आमच्याबरोबर" असं उत्तर आलं तर कार्ड पुढे. "त्याचं तो बघेल" असं आलं तर ते कार्ड खोक्यात पार मागे जायचं आणि पुन्हा वर यायला त्याला बरीच वर्षं लागायची. मोठमोठे, चकाचक दवाखाने त्या मागच्या रांगेत धूळ खात पडलेले मी स्वतः पाहिले आहेत.

बाईंचे यजमान बस कंडक्टर. त्यामुळे प्रत्येकाच्या मंजुरीपत्राखाली पेन्सिलीने लिहिलेलं असायचं, कुठली बस, कुठं बदलायची, कुठल्या थांब्यावर स्वच्छतागृह बरं आहे. डीनच्या सहीखाली ही माहिती शोभत नाही असं एकदा वरून कळवण्यात आलं. तेव्हापासून बाई ती पत्राच्या मागे लिहायला लागल्या.

त्यांचा एक नियम मात्र दगडावरची रेघ होता. फॉर्मवर सगळ्या सह्या झाल्याशिवाय पाऊल बाहेर टाकायचं नाही. आधी जाऊन मग कागद आणणाऱ्याचा एक दिवसही त्या धरत नसत. एका पोराने तीन आठवडे असे फुकट घालवले होते आणि डीनचं शिफारसपत्र आणूनही बाई ढिम्म हलल्या नव्हत्या.

आता माझं सांगते. मला कॉलेजात रेडिओ म्हणत. का, ते वेगळं सांगायला नको. लेखी परीक्षेत मी नेहमी वरच्या पाचात. तोंडीत तर समोरच्यालाच धाप लागायची. पण हाताची बोंब होती. कुत्र्याला इंजेक्शन देतानाही मला घाम फुटायचा आणि मोठ्या जनावराजवळ गेले की माझे हात माझे राहायचेच नाहीत. तोपर्यंत मी हे बोलून बोलून झाकलं होतं. कुणी पुढे हो म्हटलं की मी माहिती सांगत सांगत मागे सरकायचे.

मोठ्या जनावरांच्या प्रात्यक्षिकात ते उघडं पडलं. खांद्यापर्यंत हातमोजा चढवून, गाईच्या मागून हात आत घालून, आतड्याच्या भिंतीतून गर्भाशय चाचपायचं आणि गाभण आहे की नाही ते सांगायचं. मी मनगटापर्यंत हात घातला. गाईने अंग आखडलं, मी डोळे मिटले आणि पुस्तकातलं पान म्हणून दाखवलं, "सर, तीन महिन्यांची गाभण."

विभागप्रमुख शांतपणे म्हणाले, "ही कालवड आहे. हिचं अजून लग्न ठरलेलं नाही."

सगळा वर्ग हसला. गाय सोडून सगळे हसले असं मी नंतर सांगत फिरले, पण त्या दिवशी वसतिगृहाच्या बाथरूममध्ये नळ मोठा सोडून मी ढसाढसा रडले होते.

नापास झालेल्यांना एकच वाट होती. गाईम्हशींच्या डॉक्टरकडे चार आठवड्यांची उमेदवारी करायची, फेरपरीक्षेआधी वही आणून द्यायची. वहीत प्रत्येक जनावरापुढे तीन रकाने असत. पाहिलं, मदत केली, स्वतः केलं. तिसऱ्या रकान्यात निदान वीस खुणा पाहिजेत, त्यातल्या दहा गाभण तपासणीच्या. नाहीतर वर्ष गेलं. माझ्या आईने आळीभर सांगून ठेवलं होतं की पुढच्या वर्षी आमची मुलगी डॉक्टर. दर रविवारी फोनवर ती एवढंच विचारायची, "सगळं नीट ना गं?" आणि मी म्हणायचे, "एकदम मस्त."

मी बाईंकडे गेले ती मनात जागा ठरवूनच. शहराजवळचं मोठं जनावरांचं इस्पितळ, जिथं एकेका गाईभोवती पाच डॉक्टर उभे असतात. अशा गर्दीत एक रेडिओ सहज खपून जातो. बाईंनी माझं ऐकून घेतलं, खोक्यात बोटं फिरवली आणि भलतंच कार्ड काढलं.

"इथं जा."

"बाई, हे तर गप्प डॉक्टर! तीन वर्षं त्यांच्याकडे कुणी गेलेलं नाही. ते बोलतच नाहीत म्हणे."

"तू बोलतेस तेवढं पुरे आहे दोघांना."

मग माझ्यासमोरच त्यांनी फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडून उत्तर नाही. दुसरं कुणी असतं तर हॅलो हॅलो केलं असतं. बाई रिसीव्हर कानाला धरून नुसत्या बसून राहिल्या, खिडकीतून गोठ्याकडे बघत. चांगलं मिनिटभर. शेवटी पलीकडून एकच शब्द आला. बाईंनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "पाठवा म्हणाले. जेवायला त्यांच्या घरीच आहेस."

मला इतका राग आला होता की मी आभारसुद्धा मानले नाहीत.

दोन बस बदलून मी पोचले. एका लांबट इमारतीत पुढे दवाखाना, मागे घर. गप्प डॉक्टर म्हणजे साठीचा, रुंद खांद्यांचा माणूस, हातांवर जुन्या ओरखड्यांचं जाळं. त्यांची बायको मात्र बोलायला मोकळी होती, तिला मी पहिल्या दिवसापासून काकू म्हणायला लागले. सकाळी सातला जुनी जीप निघायची, एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात. डॉक्टर उतरायचे, काम करायचे, परत बसायचे. मला ना कर म्हणायचे, ना करू नको म्हणायचे.

माझ्या पथ्यावरच पडलं. मी नोंदी लिहायचं काम स्वतःहून अंगावर घेतलं. माझं अक्षर मोत्यासारखं. गाय, वय, लक्षणं, औषध, सगळं रेघेत. हातात वही असली की हातात दुसरं काही घ्यावं लागत नाही. गोठ्याच्या मालकांशी मी भरपूर गप्पा मारल्या, सगळ्यांना आवडले, आणि चार आठवड्यांत तीन वेळा गाईचं तापमान घेतलं. बास. हाताने केलं ते एवढंच. बाकी सगळं पाहिलं.

डॉक्टर दर शनिवारी पानाच्या तळाशी सही करायचे, हजर होती म्हणून. शेवटच्या शनिवारी सही करून त्यांनी वही परत देताना माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग ते जीपकडे वळले.

परतीच्या बसमध्ये मी वही मांडीवर उघडली. तिसऱ्या रकान्यात तीन खुणा, पाहिजेत वीस. सह्या झालेल्या होत्या, डॉक्टर कुणाशी बोलणारे नव्हते आणि खिशात पेन होतं. माझी खोलीतली मैत्रीण निघतानाच म्हणाली होती, "थोडं इकडचं तिकडं सगळेच करतात." सगळे करायचे की नाही मला माहीत नाही. मी केलं. सतरा ठिकाणी, पाहिलं सोडून स्वतः केलं या रकान्यात बारीक बरोबरच्या खुणा केल्या. बस हलत होती, पण मी थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी बाईंच्या टेबलावर वही ठेवली. त्यांनी ती उचलली, नाकाजवळ नेली आणि हुंगली. मग उलटी करून परत हुंगली.

"साबणाचा वास येतोय," त्या म्हणाल्या.

"मी स्वच्छता ठेवते बाई."

त्यांनी वही उघडली. पानं उलटत एका ठिकाणी थांबल्या. "पांढरी गाय, सहा महिन्यांची गाभण. स्वतः केलं. काय लागलं हाताला?"

हा प्रश्न त्या प्रत्येकाला विचारायच्या. मी तयारच होते. गर्भाशय पोटात खाली उतरलेलं, वारेच्या गाठी लिंबाएवढ्या, धमनीची थरथर, मी धडाधड सांगून टाकलं. बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं संपल्यावर म्हणाल्या, "पंचवीस वर्षं झाली मी हे विचारतेय. खरंच हात घातलेला माणूस पहिल्यांदा काय सांगतो माहितेय? हात बधिर झाला. खांदा भरून आला. गाईने शेपटी तोंडावर मारली. मग रडतखडत गाठीवर येतो. तुझं एकदम गाठीपासून सुरू झालं."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"थांब. आणि ह्या खुणा बघ. बाकीचं अक्षर मोत्यासारखं आणि खुणा अशा वाकड्या. आमचे हे तीस वर्षं चालत्या बसमध्ये लिहितायत. त्यांचा हिशोबाचा कागद मी रोज बघते. बसमध्ये केलेली खूण मला दहा फुटांवरून कळते."

आयुष्यात पहिल्यांदा रेडिओ बंद पडला. मला वाटलं, आता ही फाईल वर जाणार. मग नुसतं वर्ष जाणार नाही, खोट्या नोंदीचा शिक्का कपाळावर बसणार, आणि रविवारी आईचा फोन येणार.

बाई उठल्या, दार लोटलं आणि भरलेल्या खुर्चीवरच्या फायली उचलून खाली ठेवल्या. "बस."

त्या खुर्चीवर बसलेलं मी तोपर्यंत कुणाला पाहिलं नव्हतं.

"ही वही अजून माझ्याकडे आलेली नाही," त्या म्हणाल्या. "शिक्का मारेपर्यंत ती तुझी. तुझ्या वहीत चूक झाली तर ती कशी दुरुस्त करायची, नियम काय आहे?"

"एक रेघ मारायची. खरडायचं नाही. बाजूला सही."

"मार मग."

सतरा रेघा, सतरा सह्या. बाईंनी तेवढ्या वेळात दुसरं काम केलं नाही, नुसत्या बघत बसल्या. सातव्या-आठव्या सहीला माझ्या डोळ्यांतून पाणी ओघळलं आणि पानावर एक थेंब पडला. त्या म्हणाल्या, "पडू दे. काहीतरी लागलं वहीला."

मग त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं. त्यांना ते पाठ होतं, पण मला दाखवायला काढलं. उमेदवारी दोन तुकड्यांत करता येते, दुसऱ्या तुकड्याला जायच्या आधी मंजुरी घेतली तर. परवापासून आठ दिवसांची सुट्टी होती. सुट्टी संपली की तिसऱ्या दिवशी फेरपरीक्षा. डीन त्याच दुपारी चारला बाहेरगावी जाणार होते.

बाईंनी गप्प डॉक्टरांना फोन लावला. सांगितलं, थांबल्या, ठेवला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"काही नाही म्हणाले. पण फोन आपटला नाही."

मग मी बाईंना पहिल्यांदा पळताना पाहिलं. पायात चपला, एका हातात फॉर्म, एका हातात चष्मा, मागे मी. विभागप्रमुख ऑपरेशनच्या खोलीत होते. बाई दाराबाहेर उभ्या राहिल्या, आत पाऊल टाकलं नाही. पाऊण तासाने सर बाहेर आले, वही चाळली आणि त्या रेघांवर थांबले.

"हे काय आहे?"

मी बाईंकडे बघितलं. बाई भिंतीवरचं घड्याळ बघत होत्या. त्या माझ्यासाठी बोलणार नव्हत्या हे मला कळलं, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांचा संताप आला.

"सर, ते मी केलं नव्हतं," मी म्हणाले. "केलं म्हणून लिहिलं होतं."

एवढंच. पुढे मागे काही नाही. सरांनी हातातला टॉवेल खांद्यावर टाकला. "आठ दिवसांत सतरा?" ते म्हणाले. ते मला विचारत होते की बाईंना, कळलं नाही. त्यांनी सही केली, पण खाली लिहिलं, फेरपरीक्षेत मी स्वतः तपासेन. डीनची सही गाडीच्या बॉनेटवर झाली, चारला पाच मिनिटं कमी असताना.

पत्र हातात देताना बाई म्हणाल्या, "एक सांगू? ते डॉक्टर कुणाला काही देत नाहीत. मागावं लागतं. त्यांच्या कार्डाच्या मागे मी लिहिलंय ते."

"मग आधी का नाही सांगितलंत मला?"

त्यांनी चष्मा पुसला. "सांगायला हवं होतं. मला वाटलं, इतकं बोलणारी पोरगी मागेल की." आणि थोडं थांबून म्हणाल्या, "ती चूक माझी."

आठ दिवसांचा पहिला गोठा मला अजून दिसतो. बुटकी तांबडी गाय, शेपटीला चिखल. डॉक्टर हातमोजा चढवायला लागले. मी म्हणाले, "डॉक्टर, मी घालू का हात?"

त्यांनी खिशातून दुसरा हातमोजा काढला आणि माझ्यापुढे धरला. इतका लगेच, की मी गोंधळले. काकूंनी नंतर सांगितलं की तो दुसरा हातमोजा चारही आठवडे रोज सकाळी त्यांच्या खिशात जायचा आणि रोज संध्याकाळी तसाच परत यायचा. "रोज मला म्हणायचे, आज मागेल. मी म्हटलं, अहो, मग द्या ना तुम्हीच. तर म्हणाले, दुसऱ्याने सांगून घातलेला हात थरथरतो." हे ऐकून मी काकूंच्या स्वयंपाकघरात, हातात ताट घेऊन, मोठ्याने रडले.

पण ते नंतर. त्या गोठ्यात मी हातमोजा चढवला आणि हात आत घातला. मनगट, कोपर, दंड. गरम, घट्ट, गाईने जोर केला की हाताचं पिळलेलं फडकं व्हायचं. शेपटी तोंडावर बसली. बोटांना काही म्हणता काही समजेना.

"काय लागलं?" डॉक्टर म्हणाले. मी त्यांच्या तोंडून ऐकलेला तो पहिला प्रश्न.

तोंडात पुस्तकातली तीन वाक्यं तयार होती. मी ती गिळली. "काही नाही. शेण आहे, बाकी काही लागत नाही."

डॉक्टरांनी स्वतः हात घालून बघितलं. "बरोबर," ते म्हणाले. "रिकामी आहे."

मी खोटं न सांगता बरोबर आले होते. हा आनंद काय असतो ते मला सांगता येणार नाही. मी त्या गाईच्या पाठीवर थोपटलं आणि ती बिचारी बाजूला सरकली.

पुढचे सात दिवस मी इतकं मागितलं की डॉक्टरांना दोन हातमोजे पुरेनात, काकूंनी गठ्ठाच जीपमध्ये ठेवला. चौथ्या दिवशी बोटांना पहिली गाठ लागली. सहाव्या दिवशी एका गाईच्या पोटात खूर सापडलं, मी ते हलकेच दाबलं आणि वासराने पाय ओढून घेतला. मी किंचाळले. मालकीण घाबरून धावत आली. शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत तिसऱ्या रकान्यात एकवीस खुणा होत्या, सगळ्या गोठ्यात उभं राहून केलेल्या.

बाईंनी वही हुंगली आणि मान मागे घेतली. "अरे बापरे," म्हणाल्या, आणि कधी नव्हे त्या हसल्या. त्यांनी शिक्का मारला. फेरपरीक्षेत सरांनी मला तीच कालवड दिली. मी हात घातला, नीट चाचपलं आणि म्हणाले, "सर, रिकामी. लग्न अजून ठरलेलं नाही."

त्या रविवारी आईने विचारलं, सगळं नीट ना गं, आणि मी तिला सगळं सांगितलं. कालवड, बस, सतरा रेघा. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या बाईंना माझा नमस्कार सांग."

आता गप्प डॉक्टर दवाखान्यात फक्त खुर्चीवर बसतात, गुडघे गेले. डॉक्टर होऊन मी त्यांच्याकडेच परत आले, जीप आता मी चालवते. दोन वर्षांपूर्वी बाईंचा फोन आला, तुमच्याकडे विद्यार्थी पाठवायचा विचार आहे. जनावरं किती, सोय काय, सगळं विचारलं, अहो-जाहो करून, जशी काही आमची ओळखच नाही. शेवटी आलंच, "दुपारी आमचा विद्यार्थी कुठं जेवेल?" मी म्हटलं, "काकूंच्या समोर." तेव्हापासून बाईंनी पाठवलेली मुलं येतात. माझ्या खिशात दुसरा हातमोजा असतो. पण मी पहिल्याच दिवशी सांगून टाकते, मागितलंत तर मिळेल. डॉक्टरांना हे पसंत नाही. ते खुर्चीत बसून मान हलवतात.

या वर्षी बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभात कुणीतरी बोलून गेलं की चौतीस वर्षांत बाई खिडकीतून दिसणाऱ्या त्या गोठ्यात एकदाही गेल्या नाहीत. सगळे हसले, त्याही हसल्या. मी घरी परतताना तेवढंच डोक्यात घेऊन आले. भीती म्हणाल तर तसं काही नव्हतं. त्या मुळात दोन महिन्यांसाठी बदली टायपिस्ट म्हणून आल्या आणि तिथंच राहिल्या, काम कागदाचं, आणि गोठ्यात या असं त्यांना कधी कुणी म्हटलंच नाही.

मी त्यांना फॉर्म पाठवला. छापील, त्यांनीच कधीकाळी तयार केलेला. उमेदवाराचं नाव, ठिकाण, कालावधी एक दिवस, क्रेडिट शून्य. माझी सही आधी केलेली. मागच्या बाजूला बसची माहिती.

त्या आल्या, यजमानांना घेऊन. कंडक्टरसाहेबांना काकूंनी चहाला अडकवलं आणि आम्ही दोघी जीपमधून निघालो. तीन गोठे झाले. बाई बाजूला उभ्या राहायच्या, हातात पर्स घट्ट धरून, सगळं टिपून घेत असल्यासारख्या. मी मुद्दाम काही बोलत नव्हते. मला बोलायचं नाही हे किती कठीण जातं, ते मला ओळखणाऱ्यांनाच कळेल.

चौथ्या गोठ्यात सात महिन्यांची गाभण गाय होती, स्वभावाने गरीब. मालकीणबाईंना मी आधीच विचारून ठेवलं होतं. मी तपासलं, हात धुतला आणि हातमोजा काढायला लागले.

"मी घालू का हात?" बाई म्हणाल्या. इतक्या हळू, की मालकीणबाईंना ऐकूसुद्धा गेलं नाही.

मी खिशातला दुसरा हातमोजा काढून धरला. त्यांनी पर्स माझ्याकडे दिली, बाही वर केली. मी शेजारी उभी राहून त्यांचा दंड धरला आणि कुठं जायचं ते सांगत गेले. त्यांचा चेहरा आक्रसला, गाईने शेपटी फटकारली, चष्मा तिरका झाला. मग त्या एकदम थांबल्या. श्वाससुद्धा घेईनात.

"काय लागलं हाताला?" मी विचारलं.

चौतीस वर्षं हजारो पोरांना विचारलेला प्रश्न. बाईंचे डोळे भरून आले होते. मग म्हणाल्या, "हात बधिर झालाय गं." आणि थोड्या वेळाने, "पाय आहे. ओढून घेतला त्याने."

जीपच्या बॉनेटवर मी त्यांच्यासमोर कोरी वही ठेवली. तीन रकाने. त्यांनी पेन घेतलं, पहिल्या रकान्यावर नेलं, दुसऱ्यावर नेलं, माझ्याकडे बघितलं. मी घड्याळाकडे बघत होते. त्यांनी तिसऱ्या रकान्यात एक खूण केली आणि वही माझ्या हातात दिली.

मी ती आधी हुंगली.